उभा माग

माग किलोवर गेला.
खासबागचा भंगारवाला दोन पोरं घेऊन आला,
धोटे तेवढे घेईना.
लाकडाला भाव नाही म्हणाला.
फरशीत चार बोल्ट राहिले
आणि भिंतीवर तेलाचा काळा ढग,
सव्वीस वर्षं साचलेला.

चुना मारला. ढग वर आला.
पुन्हा मारला, पुन्हा आला.
कलावती म्हणाली,
‘हिरव्यानं झाकूया की.
आडवं लावायला जागा कुठाय आपल्याला,
उभंच लावू.’

छपरावरची सहा खानापुरी कौलं काढली,
काचेची बसवली.
आता दहा ते दोन
ऊन त्या भिंतीवर उतरतं
फणीतून ताणा यावा तसं, सुटं सुटं.

भिंत सामाईक. पलीकडं गंगव्वाचं स्वयंपाकघर.
पहिला खिळा मारायच्या आधी विचारायला गेलो.
‘होडीरी,’ म्हणाली,
‘खरं नीर ई कडे बरबारदु.’
ठोका म्हणाली, पाणी इकडं यायला नको.
मी होय म्हटलं.
पाण्याला कोण विचारतंय.

न खपलेल्या लुगड्यांचे पदर दुहेरी करून
कलावतीनं खिसे शिवले,
आडवे बारा, उभे सात.
चौकट मी केली.
माती अनगोळच्या मळ्यातली, तांबडी,
दोन पोती सायकलवरून.
मेथी पेरली, कोथिंबीर चुरडून टाकली,
आणि रोज सकाळी भिंतीसमोर
स्टूल टाकून बसलो,
कापड बघायचो तसा,
कुठं धागा तुटलाय काय.

नवव्या रात्री सगळं खाली आलं.
भिजल्या मातीचं वजन मी धरलंच नव्हतं.
सुताचं वजन बोटांना कळतं माझ्या,
मातीचं नाही.
धडाड झालं,
आणि कलावती झोपेतच म्हणाली,
‘वीज आली वाटतं. माग लावलास?’

मी दिवा लावला नाही.
थोडा वेळ तिला तशीच राहू दिली.

बोटभर मेथी आमटीत गेली.
मग काथ्याचा भुसा आणला, गांडूळखत,
माती नावापुरती.
मागं जाड प्लॅस्टिक, भिंतीपासून दोन बोटं मोकळी,
खिळ्यांच्या जागी बोल्ट.
वरच्या ओळीत कमी पिणारी: पानओवा, ऑफिसटाइम.
खाली तहानलेली: पुदिना, ब्राह्मी.
वरच्यांचं उरतं ते खालच्यांना पुरतं.
आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा
असं काही झालं नव्हतं.
सोडा.

तरी पावसाळ्याच्या आत गंगव्वाची हाक आलीच.
डब्यांच्या फळीमागं ओल,
तळहाताएवढी.
मी खाली मान घालून उभा.
ती परसात गेली, एक जाड दांडी तोडून आणली,
‘इद बसळे. हच्चरी.
भाळ नीर कुडीतैती.’
लाव म्हणाली, लई पाणी पिते ही.
आमच्यात तिला मायाळू म्हणतात.
सगळ्यात खालच्या खिशात खोचली.
आता ओल वाढत नाही,
गेलीही नाही.
गंगव्वानं तिथं कॅलेंडर लावलंय.

मिनिटाला एकशेवीस बाणे टाकायचा माझा माग.
आता आठवड्याला एक पान,
तेही मोजून घेतो.
उजवा कान मागानं खाल्लाय,
डावा भिंतीकडं करून झोपतो.
ठिबकतं, थांबतं,
पुन्हा ठिबकतं.
कधी वाटतं कांडी संपली, उठून बदलावी.

चौथ्या ओळीतला तिसरा खिसा
काहीच धरत नाही.
सेवंती लावली, कुजली. अबोली सुकली.
शेवटी एक धोटा उभा करून ठेवलाय त्यात.
कलावती रोज त्यालाही पाणी घालते,
ओळीत आहे म्हणून.

लाकूड फुगलंय जरा.